चाळिशीनंतरचा ठोसा

परवा दवाखान्यात आलेल्या एका गृहस्थांनी मला चांगलेच पेचात पकडले. दारव्ह्याकडचे, वय ४६. कृषी केंद्राचे दुकान आहे. सकाळी दहा ते रात्री आठ गल्ल्यावर बसणे, हाच दिनक्रम. रक्तदाब मोजता मोजता मी नेहमीच्या सवयीने बोलून गेलो, "भाऊ, आता वय झाले, जरा सांभाळून राहा." त्यावर ते एकदम उसळले. "डॉक्टरसाहेब, तो टायसन अठ्ठावन वर्साचा बुढा, तरी बी लढते. म्या मोबाइलवर पाह्यलं. मंग माह्यंच वय झालं का? अन् झालं नसन, तं तुमच्या दवाखान्याचा जिना चढलो का मले दम काऊन लागते?"

प्रश्न बिनतोड होता. "वय झाले" हे आम्हा डॉक्टरांचे आणि घरच्या मंडळींचेही फार सोयीचे निदान आहे. त्याला रक्त तपासावे लागत नाही, क्ष-किरण चित्र काढावे लागत नाही. पण ते दर वेळी खरे असतेच असे नाही. म्हणून आजच्या सदरात त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करू. चाळिशी ओलांडलेले मुष्टियोद्धे रिंगणात टिकतात कसे आणि त्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे, काय मुळीच घेऊ नये, हे पाहू.

हे खरेच घडते आहे काय?

होय, घडते आहे. अमेरिकेचा जॉर्ज फोरमन १९७३ साली हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला, १९७४ साली महंमद अलीकडून हरला आणि १९७७ मध्ये निवृत्त झाला. दहा वर्षांनी, १९८७ साली तो परतला. परतायचे ठरवले तेव्हा त्याचे वजन ३०० पौंडांच्या, म्हणजे १३५ किलोंच्या वर गेले होते. लोक हसले. पण ५ नोव्हेंबर १९९४ रोजी त्याने २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवे केले आणि वयाच्या ४५ व्या वर्षी पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. त्याचा विक्रम मोडला बर्नार्ड हॉपकिन्सने. त्याने २०११ साली ४६ व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले, पुढे २०१३ साली ४८ व्या वर्षी आणि २०१४ साली ४९ व्या वर्षीही जगज्जेतेपदाच्या लढती जिंकल्या. फिलिपिन्सच्या मॅनी पॅक्वियाओने २०१९ साली ४० व्या वर्षी कीथ थर्मनला हरवले आणि २०२५ साली ४६ व्या वर्षी मारिओ बॅरिओसशी १२ फेऱ्यांची लढत बरोबरीत सोडवली.

आपल्याकडे पाहायचे तर मणिपूरच्या मेरी कोमने सहावे जगज्जेतेपद २०१८ साली दिल्लीत जिंकले, तेव्हा तिची पस्तिशी आली होती आणि ती मुलाबाळांची आई होती. विदर्भातही हा खेळ रुजतो आहे. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ साली पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले. मात्र अल्फिया तेव्हा ऐन उमेदीच्या वयात होती. वयाला वळसा घालून खेळणारा आपला मराठी माणूस शोधायचा, तर मुष्टियुद्ध सोडून क्रिकेटकडे जावे लागते. मुंबईच्या प्रवीण तांबे यांना आयपीएलमध्ये पहिला सामना मिळाला तो २०१३ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी. त्याआधी त्यांनी प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांनी कोलकात्याविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली आणि २०२० साली ४८ व्या वर्षी ते वेस्ट इंडीजमधील स्पर्धेत गोलंदाजी करीत होते.

असे अपवाद पूर्वीही होते. १९२८ साली पतियाळ्याला गामा पहिलवानाने झ्बिस्को या नामांकित मल्लाला एका मिनिटाच्या आत चीत केले, तेव्हा गामाचे वय पन्नाशीच्या घरात होते. फरक एवढाच की, पूर्वी असा माणूस पिढीतून एखादा निघे. आता तसे अनेक दिसतात. याची कारणे काही शरीरात आहेत, काही शरीराबाहेर.

वयाने काय जाते, काय राहते

आपली समजूत अशी की वय वाढले म्हणजे शरीराचे सारे दिवे एकदम मंद होतात. तसे होत नाही. काही दिवे लवकर मंदावतात, काही फार उशिरा.

सर्वांत आधी जातो तो वेग. आपल्या स्नायूंत ढोबळमानाने दोन जातींचे तंतू असतात. एक जात झटपट आकुंचन पावणारी, पण लवकर थकणारी. दुसरी सावकाश काम करणारी, पण दमदार. वयाबरोबर झटपट तंतू आधी कमी होतात व बारीक होतात. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही उतरते. २२० मधून वय वजा करावे, असा तिचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे विशीत ती २०० च्या आसपास, तर पन्नाशीत १७० च्या आसपास. डोळ्यांनी पाहून हात हलवायला लागणारा वेळही थोडा थोडा वाढतो. शिवाय दुखापत भरून यायला आणि थकवा उतरायला जास्त दिवस लागतात.

मग राहते काय? निव्वळ जोर बराच काळ टिकतो. ठोशातला दम सर्वांत शेवटी जातो, असे मुष्टियुद्धातील जुने वस्ताद सांगत आले आहेत आणि स्नायूंचे शास्त्र त्याला फारसा विरोध करीत नाही. त्यामुळेच जड वजनगटांतले योद्धे जास्त वयापर्यंत टिकतात. हलक्या गटांत सारा खेळ वेगाचा, तिथे तिशीनंतरच कठीण जाते. दुसरी टिकणारी गोष्ट म्हणजे जाण. समोरच्याचा खांदा किंचित हलला की ठोसा कुठून येणार, हे जुन्या योद्ध्याला ठोसा निघण्याआधीच कळते. म्हणजे त्याचा हात थोडा उशिरा हलतो, पण त्याचे डोके आधी हलते.

फोरमनची मूररशी झालेली लढत याचे उत्तम उदाहरण आहे. तरुणपणी तो बैलासारखा धावून जायचा आणि चार-पाच फेऱ्यांत दमायचा. दुसऱ्या डावात तो सावकाश पावले टाकी, दम राखून ठेवी. नऊ फेऱ्या तो गुणांमध्ये मागे होता. दहाव्या फेरीत संधी दिसताच त्याने उजव्या हाताचा एक आखूड, सरळ ठोसा लगावला आणि लढत संपली. प्रवीण तांबे यांनीही हेच केले. ते आधी मध्यमगती गोलंदाज होते, नंतर लेगस्पिनकडे वळले. वेगाच्या कामाऐवजी त्यांनी मनगटाचे आणि डोक्याचे काम हाती घेतले. वयाशी न भांडता आपल्या खेळाची चाल बदलणे, हे या सर्वांचे समान सूत्र आहे.

वय किती आणि बैठेपणा किती?

आता त्या दुकानदार गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जिना चढताना दम का लागतो?

अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले. उठायचे नाही, चालायचे नाही. नंतर त्यांची दमछाकीची क्षमता मोजली, म्हणजे जोराच्या श्रमात शरीर किती प्राणवायू वापरू शकते ते पाहिले. ती खूपच घसरली होती. पुढे ३० वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. आता ते पन्नाशीचे, वजन वाढलेले. पुन्हा मोजमाप झाले, तेव्हा लक्षात आले की तीस वर्षांच्या वयाने केलेले नुकसान हे तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केलेल्या नुकसानीपेक्षा कमीच होते! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणे, पळणे व सायकल चालवणे असा व्यायाम दिला. तीस वर्षांत झालेली घट जवळजवळ भरून निघाली.

बॉस्टन येथील दुसरा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. तिथे वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० स्त्री-पुरुषांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. नव्वदीच्या स्नायूलाही काम दिले तर तो शिकतो, हे यातून सिद्ध झाले.

साधारण हिशेब असा आहे. तिशीनंतर बैठ्या माणसाची दमाची क्षमता दर दहा वर्षांना सुमारे १० टक्क्यांनी घटते. नेटाने व्यायाम चालू ठेवणाऱ्याची घट त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. स्नायूंचे वस्तुमानही तिशीनंतर दर दशकाला ३ ते ८ टक्क्यांनी कमी होते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. आपण ज्याला "वय झाले" म्हणतो, त्यातला मोठा हिस्सा वयाचा नसून खुर्चीचा, गल्ल्याचा आणि मोटारसायकलचा असतो. चाळिशीतला मुष्टियोद्धा हा हिस्सा आपल्या खात्यावर चढूच देत नाही. हॉपकिन्सचे उदाहरण यासाठी सांगतात. तो दारूपासून दूर राहिला आणि दोन लढतींच्या मधल्या काळातही त्याने वजन वाढू दिले नाही. त्याच्या यशात चमत्कार कमी आणि रोजचा नेम जास्त आहे.

रिंगणाबाहेर काय बदलले

शरीर तेच असले तरी खेळाचे नियम आणि सोयी बदलल्या. १९८२ साली लास वेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम डक-कू चौदाव्या फेरीत डोक्याला मार बसून कोसळला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ फेऱ्यांवर आणल्या गेल्या. शेवटच्या तीन फेऱ्यांत, थकलेल्या शरीराला बसणारा मार त्यामुळे वाचला.

दुसरे म्हणजे लढतींची संख्या घटली. हेन्री आर्मस्ट्राँग या योद्ध्याने १९३७ या एका वर्षात २७ लढती केल्या होत्या. आजचे आघाडीचे योद्धे वर्षाला एक-दोन लढती करतात. पैसा इतका मिळतो की जास्त लढण्याची गरज उरत नाही. फ्लॉइड मेवेदर ४० व्या वर्षी, २०१७ साली थांबला तेव्हा त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मिळून ५० लढती झाल्या होत्या. कमी झिजलेला बैल जास्त वर्षे चालतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तिसरे, वैद्यकीय मदत. दुर्बिणीतून होणाऱ्या सांध्यांच्या शस्त्रक्रिया, आहारतज्ज्ञ, मालीश करणारे, झोपेवर लक्ष ठेवणारे, अशी सारी फौज मोठ्या योद्ध्याच्या मागे असते. पूर्वी खांदा निखळला की कारकीर्द संपे, आता तो दुरुस्त होतो.

याच ठिकाणी एक सावधगिरीचा शब्द. काही खेळाडूंनी उत्तेजक औषधांचाही आधार घेतला आहे आणि ते चाचणीत पकडले गेले आहेत. शिवाय आपल्याला दिसतात ते टिकलेले. जे तिशीतच हात, डोळा किंवा स्मृती गमावून घरी बसले, त्यांचे चित्र वर्तमानपत्रात येत नाही. शंभरांतला एक टिकला म्हणून शंभर जण टिकतील असे नाही.

आणि टायसनचे म्हणाल, तर ती लढत नीट पाहावी. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी ५८ वर्षांचा माईक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलशी लढला. फेऱ्या ८, त्याही नेहमीच्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या, हातमोजे नेहमीपेक्षा जड. मुळात ही लढत जुलैत व्हायची होती, पण टायसनच्या पोटातल्या व्रणाने उचल खाल्ल्यामुळे ती पुढे ढकलावी लागली. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर त्याचे पाय जड झाले आणि तो गुणांवर हरला. तेव्हा टायसनने वयावर मात केली असे त्या रात्री दिसले नाही.

मेंदूचा हिशेब वेगळा

आता या सदरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्नायू व्यायामाने परत मिळतो. फुफ्फुसाचा दम परत मिळतो. पण मार खाल्लेला मेंदू व्यायामाने परत मिळत नाही.

न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच मुष्टियोद्ध्यांमधील एका विकाराचे वर्णन केले होते. चालताना झोक जाणे, बोलणे अडखळणे, हात थरथरणे, पुढे बुद्धी मंद होत जाणे. १९७३ साली इंग्लंडमध्ये १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास झाला आणि वर्षानुवर्षांच्या ठोशांच्या खुणा तिथे सापडल्या. हा विकार एका मोठ्या ठोशाने होत नाही. तो हजारो लहान ठोशांच्या बेरजेने होतो आणि बहुधा खेळ थांबल्यावर कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. म्हणजे जास्त वर्षे खेळणारा योद्धा ही बेरीजच वाढवत असतो.

महंमद अलीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९७७ साली अर्नी शेव्हर्सशी झालेल्या लढतीनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याला थांबण्याचा सल्ला दिला. तो ऐकला गेला नाही, तेव्हा पाचेको त्याची साथ सोडून निघून गेले. १९८० साली ३८ वर्षांचा अली लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या नुसता मार खात उभा होता. १९८१ साली तो शेवटचे लढला, १९८४ साली त्याला कंपवाताचे निदान झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मशाल धरलेला त्याचा थरथरता हात अनेक वाचकांना आठवत असेल. या आजाराला केवळ ठोसेच कारणीभूत होते असे ठामपणे म्हणता येत नाही, पण त्या अखेरच्या लढतींनी त्याचे भले झाले नाही, एवढे निश्चित. हौशी मुष्टियुद्धात चाळिशीनंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. त्या नियमामुळेच मेरी कोमची स्पर्धात्मक कारकीर्द थांबली. तिला वाईट वाटले असेल, पण वैद्यकाच्या दृष्टीने नियम शहाणपणाचा आहे.

याचा आपल्या घराशीही संबंध आहे. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो. कवटी व मेंदू यांच्यामधली जागा वाढते आणि तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. अशा वेळी न्हाणीघरात पाय घसरून डोक्याला लागलेला साधा मारही शिरेतून रक्त झिरपायला पुरतो. हे रक्त हळूहळू साचते. मार लागून पंधरा दिवस, कधी महिनाही उलटतो आणि मग आजोबा सुस्त राहू लागतात, डोके दुखते म्हणतात, चालताना एका बाजूला कलतात, काहीबाही बोलतात. घरचे म्हणतात, "वय झाले, म्हातारचळ लागला." असे मुळीच समजू नये. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन करावा. वेळेवर निदान झाले तर साचलेले रक्त काढता येते आणि माणूस पुन्हा चालता-बोलता होतो. दुचाकीवर हेल्मेट घालावे, ते याच मेंदूसाठी.

शेतात राबणाऱ्यांचे काय?

इथे आमचे शेतकरी वाचक म्हणतील, "डॉक्टर, आम्ही तर दिवसभर राबतो. मग आम्ही चाळिशीतच म्हातारे का दिसतो?" हा प्रश्न मला मुष्टियोद्ध्यांच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

उत्तर असे की, श्रमाने शरीर मजबूत होत नाही. श्रमानंतरच्या विश्रांतीत, अन्नाच्या आधाराने ते मजबूत होते. श्रम स्नायूला किंचित मोडतात आणि विश्रांती त्याला पूर्वीपेक्षा पक्का जोडते. मुष्टियोद्धा सकाळी मेहनत करतो, दुपारी झोपतो, पोटभर प्रथिने खातो आणि लढतीनंतर काही महिने थांबतो. आपल्याकडची कापूस वेचणारी बाई सकाळी घरचे आवरून निघते, दिवसभर वाकून वेचते, संध्याकाळी परतून चूल पेटवते आणि सर्वांत शेवटी, उरले-सुरले खाऊन झोपते. तिला मोडण्याचा भाग रोज मिळतो, जोडण्याचा भाग मिळतच नाही. शिवाय निंदण-वेचणीत एकाच तऱ्हेने वाकून कंबर आणि गुडघे झिजतात, बाकीचे स्नायू कामाशिवाय राहतात. त्यात पुरुषमंडळींच्या गालात खर्रा असतो. तंबाखूने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, दम कमी होतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तो वेगळाच.

म्हणून राबणाऱ्या घरांना माझा सल्ला व्यायामाचा नसून भरपाईचा आहे. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. आपला जिल्हा तूर आणि सोयाबीन पिकवतो, पण ताटात पातळ वरण आणि भाकरीच जास्त. शंभर ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम, तर शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. वरण घट्ट करा. ज्वारी किंवा गहू दळताना पायलीत मूठ-दोन मूठ भाजलेले सोयाबीन टाका. भिजवलेला हरभरा, शेंगदाणे, ताक, चालत असेल त्यांनी अंडी, यांतले काही ना काही रोज असू द्या. आणि घरातल्या बाईने सर्वांबरोबर, सर्वांइतके जेवावे. ही सूचना मी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देत असतो.

बैठ्या माणसाने काय करावे?

आता गल्ल्यावर, टेबलामागे किंवा स्टिअरिंगमागे बसणाऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट तपासणीची. चाळिशीनंतर व्यायाम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. मधुमेह, तंबाखूचे व्यसन किंवा घरात कुणाला हृदयविकार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हृदयाचा आलेखही काढावा. आपल्या लोकांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे लवकर गाठतो. वर्षानुवर्षे बसून राहिलेला माणूस एके दिवशी इरेला पेटून धावला, तर त्या तासात हृदयाला धोका सर्वांत जास्त असतो.

दुसरी गोष्ट चालण्याची. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर या आणि आठवड्यातून पाच दिवस चाला. वेग असा ठेवा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची ऊन्हे लक्षात घेता सूर्य वर येण्याआधीच आटोपावे.

तिसरी गोष्ट ताकदीची. इथेच बहुतेक लोक चुकतात; फक्त चालतात आणि स्नायू विसरतात. अमरावतीला १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून वऱ्हाडाला जोर-बैठका शिकवाव्या लागत नाहीत. फक्त वयानुसार त्यांचे रूप बदलावे. बैठकांऐवजी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, दहा वेळा. जोर जमिनीवर न काढता आधी भिंतीला हात टेकून काढावे, महिन्याभराने ओट्याला, मग जमले तर जमिनीवर. पाण्याने भरलेल्या बाटल्या वजन म्हणून चालतात. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, मध्ये एक दिवस सोडून. गुडघा दुखत असेल तर खुर्ची उंच घ्यावी.

चौथी गोष्ट तोलाची. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा-पंधरा सेकंद थांबावे, मग दुसऱ्या पायावर. म्हातारपणी पडणे टाळण्याचा हा बिनखर्ची उपाय आहे.

पाचवी गोष्ट झोपेची. सात तास झोप ही चैन समजू नये. शरीराच्या दुरुस्तीचे काम तेव्हाच चालते.

सहावी गोष्ट निषेधाची. ओळखीच्या माणसाने दिलेली ताकदीची इंजेक्शने किंवा गोळ्या घेऊ नयेत. त्यांत संप्रेरके असू शकतात आणि ती यकृत, हृदय व पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर घाला घालतात.

व्यायाम करताना छातीत दाबल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणे, दरदरून घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांतले काहीही झाले तर तत्क्षणी थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "गॅस झाला असेल" म्हणून घरी थांबू नये.

त्या गृहस्थांचे काय झाले, हे सांगून संपवतो. त्यांचा रक्तदाब १५० वर ९६ निघाला. वजन उंचीच्या मानाने १४ किलो जास्त. मी त्यांना सांगितले, "तुमचे वय झालेले नाही. तुमचे बसणे फार झाले आहे. टायसनसारखे लढू नका, पण फोरमन परतला तेव्हा त्यालाही सात वर्षे लागली, एवढे लक्षात ठेवा." ते हसले. मीठ कमी करायचे, खर्रा सोडायचा आणि दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे चालायचे, एवढ्यावर पहिल्या महिन्याचा करार झाला. जाताना म्हणाले, "अन् पुढच्या वेळी तुमी 'वय झालं' म्हणसान का?"

नाही म्हणणार, असे मी कबूल केले आहे. वाचकांनीही घरात कुणाला हे वाक्य म्हणण्यापूर्वी एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.